पहारा न सोडलेल्या माणसाला

अहो, टीव्ही बंद आहे. तुम्ही गेल्यापासून कुणी लावलाच नाही. परवा सूनबाईनं विचारलं, "आत्याबाई, बातम्या लावू का जरा?" मीच नको म्हणाले. तुमच्या आवाजाशिवाय बातम्या ऐकायची मला सवय नाही. पडद्यावरचा तो टाय लावलेला माणूस लढाईबद्दल ओरडायला लागला, की इकडे खुर्चीतून तुमचं सुरू व्हायचं, "थम! कौन आता है?" तो आपला थांबायचा नाही. तुम्ही माझ्याकडे वळून सांगायचात, "बग, थांबत न्हाई. थांबत न्हाई म्हंजी कायतरी घोळ हाय." मी भाकरी थापता थापता म्हणायचे, "आवं, त्याला ऐकू जात न्हाई तुमचं!" यावर तुमचं उत्तर ठरलेलं, "त्याला न्हाई गं, तुला ऐकवतोय."

भेटायला येणारी माणसं सांगतात, सुभेदार म्हणजे देवमाणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी पदर तोंडाला लावते. त्यांना वाटतं, मी रडते आहे. रडते तर आहेच, पण हसूही येतं हो. तुम्ही अध्यात नव्हतात असा एक दिवस मला आठवत नाही. गावच्या नळाला पाणी उशिरा आलं तरी तुम्ही वाटेत आडवे उभे.

आज एक सांगायचं आहे तुम्हाला. आपल्या पोराला, संदीपला, मिरजेला गाडीवर बसवून आले. तुमचं तिथलं काम कोण करणार, याचीच मला तेरा दिवस धास्ती होती. ते कसं झालं हे सांगते, पण आधी मला थोडं भांडून घेऊ द्या.

'थम' म्हणजे काय प्रकार आहे हे मला लग्न झाल्यावर कळलं. तुम्ही सुट्टीवर आला होतात आणि मी मिरजेकडची, अर्धं बोलणं कानडीत करणारी नवी नवरी. दोघांना बोलायला विषय सुचेना, म्हणून तुम्ही पहाऱ्याची गोष्ट काढलीत. भरती होऊन थोडेच दिवस झाले होते, धुकं दाटलं होतं आणि समोरून कुणीतरी चालत येत होतं. तुम्ही हटकलंत, तर समोरचा बोलेना. चालीवरून तुम्ही ओळखलंत, की हे पलटणीचे मोठे साहेब. ओळखलंत, तरी रायफल रोखलीत. साहेब थांबले, 'दोस्त' म्हणाले, परवलीचा शब्द सांगितला, तेव्हा कुठे तुम्ही वाट दिलीत. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर बोलावणं आलं. तुम्हाला वाटलं, गेली नोकरी. साहेबांनी पाठ थोपटली आणि रमची बाटली हातात ठेवली. पुढे पुढे ही गोष्ट सांगताना बाटलीच्या दोन बाटल्या झाल्या आणि नातीच्या बारशापर्यंत तर पेटी झाली, तेही सांगून ठेवते.

तेव्हा मी विचारलं होतं, "वळखलं हुतं तर आडवलं कशाला?"

"वळखीच्यालाच आडवायचं असतं," तुम्ही म्हणालात. "पाहऱ्यावरच्यानं इचारलं म्हंजी साहेबाचा मान गेला न्हाई. इचारलं न्हाई, तर समजायचं गडी झोपलाय. आन् जो खरा दोस्त असतोय, त्यो थांबून सांगतोय."

मला काही फारसं कळलं नव्हतं. तुमचे हात बोलताना किती हलतात, तेवढंच मी बघत होते.

संदीप भरती झाला तेव्हा ती पद्धत तुम्ही मिरजेच्या फलाटावर आणलीत. बाकीच्या बायका पोरांना कुंकू लावतात, डबा देतात, डोळे पुसतात. तुम्ही पोराला डब्याच्या दारात अडवायचात. "थम! कौन आता है?" तो लाजत म्हणायचा, "दोस्त." "कुटं निगालास?" "ड्यूटीवर." "कशापायी?" आजूबाजूची माणसं बघायची, चहावाला किटली घेऊन उभा राहायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पहिल्या वेळी पोरानं सांगितलं, "देशासाठी." तुम्ही मान हलवलीत. "ते शाळंच्या फळ्यावर लिवायला ठीक हाय. तुजं काय ते सांग." तो विचारात पडला. गाडीनं शिट्टी दिली. मग म्हणाला, "माज्या शेजारी जो हुबा असतोय, त्याच्यासाठी." तुम्ही बाजूला झालात. "जा मंग." घरी येईपर्यंत तुम्ही एसटीत छाती अशी पुढे काढून बसला होतात, की शेजारच्या बाईला जागा पुरेना.

गेल्या वर्षी त्याला रजेच्या मधूनच बोलावणं आलं. लेकीचं बारसं झालं होतं आणि आपला ऊस तुटायला आला होता. सीमेवर धुमश्चक्री सुरू झाली, फोन आला आणि पोरगं पिशवी भरून उभं राहिलं. फलाटावर तुम्ही नेहमीसारखं अडवलंत. कोण, कुठं, सगळं झालं. कशापायी म्हणालात आणि तो पिशवीचा बंद ओढत राहिला. त्यानं खाली बघितलं. "ठावं न्हाई, आबा. ह्या बारीला खरंच ठावं न्हाई. लोक कायबाय बोलत्यात."

मला वाटलं तुम्ही रागावणार. तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवलात. "मंग ते मी इचारतो," म्हणालात. "तुला वर्दीत इचारता येत न्हाई, आन् येऊ बी नये. तू तुजं काम कर. माजी वर्दी उतरल्याय. हितनं इचारायचं काम माजं." पोरगं ताठ झालं, सलाम ठोकला आणि चढलं.

लोक कायबाय बोलत होते हे खरंच होतं. कारखान्याच्या रस्त्यावरच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणे निवडणूक तोंडावर आली म्हणून हे काढलं. कुणी म्हणे महागाईवरून लक्ष हटवायला. कुणाची तरी मोठी भानगड झाकायची आहे, हत्यारं विकणाऱ्यांचं भलं करायचं आहे, एक ना दोन. सगळं कानात सांगायचं आणि इकडे तिकडे बघून सांगायचं. तीच माणसं संध्याकाळी चौकात घसा फाडून घोषणा द्यायची. तुम्हाला राग यायचा तो या दोन तोंडांचा. "कानात एक, माईकवर एक," म्हणत तुम्ही चहा अर्धा टाकून घरी यायचात.

आणि पुण्याहून तो तुमचा पुतण्या आला, मोबाईल दाखवत, की काका, लढाईबिढाई काही नाही, सगळं नाटक आहे, तेव्हा त्याचीही तुम्ही हजेरी घेतलीत. "नाटक? नाटकात मेलेला गडी पडदा पडल्यावर उटतोय. मी खांद्यावर आणलेला एक बी उटला न्हाई. तुला ठावं हाय व्हय नाटक हाय म्हणून? कुणी सांगितलं? त्यालाबी थम म्हण आदी." पोरगं मोबाईल खिशात ठेवून जेवलं आणि गेलं. त्या दिवशी मला वाटलं, या माणसाला सरकारचा राग नाही, कुणाचाच नाही. याला फक्त न थांबता पुढे जाणाऱ्यांचा राग आहे.

मग ती ट्रॉली. तरण्या पोरांनी लढाईच्या पाठिंब्याची सभा ठेवली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्टेज केलं, डॉल्बी लावला, झेंडे बांधले. माजी सैनिक संघटनेनं तुम्हाला बोलावलं. मी तुमचा ब्लेझर काढून दिला, पदकं पुसली. जाताना मी बजावलं होतं, "नीट बोला. पोरगा तितं हाय." तुम्ही म्हणालात, "नीटच बोलतो." तेव्हाच मी ओळखलं, आज काही खरं नाही.

हिंदुराव भाऊजींनी तुमचं नाव पुकारलं. हिंदुराव म्हणजे तुमच्याच पलटणीतले, तुमच्या बरोबर भरती झालेले, दसऱ्याला पहिलं सोनं ज्यांना द्यायचं ते. तुम्ही माईक घेतलात. तुमचं ते बोलणं मला पाठ आहे.

"लढाईला माजा इरोध न्हाई. कुणी हात उगारला, तर त्यो मोडायचाच. पर सकाळी टपरीवर तुमी माज्या कानात काय म्हंता? ह्यो म्हंतो, मतांसाठी हाय. त्यो म्हंतो, भानगड झाकायला हाय. खरं का खोटं, मला ठावं न्हाई. ठावं न्हाई म्हणून इचारतोय. आपली पोरं हुकूम आला की जात्यात. त्यांस्नी इचारता येत न्हाई. मंग इचारायचं कुणी? मागं ऱ्हायल्यांनी. सरकार काय परकं न्हाई, आपलंच हाय. म्हणूनच त्याला थांबवून इचारायचं, बाबा, लढाई कशापायी?"

कुणी टाळी वाजवली नाही. मागून कुणीतरी "खाली उतरा" म्हणून ओरडलं. हिंदुराव भाऊजींनी तुमच्या हातातून माईक काढून घेतला आणि भारतमातेचा जयजयकार केला. त्यात सगळ्यात मोठा आवाज तुमचाच होता हो. मूठ वर करून, गळ्याच्या शिरा ताणून. मग तुम्ही एका हातानं धोतर सावरत ट्रॉलीवरून उतरलात आणि गर्दीनं तुम्हाला वाट करून दिली. मानानं नव्हे, अंग चोरून.

त्या संध्याकाळी आपण भांडलो, आणि खरं सांगू का, अजून भांडतोच आहोत. मी म्हणाले, "तुमचा सवाल बराबर असंल. पर पोरगा तितं गोळ्यांत हुबा हाय आन् तुमी हितं त्याच्या सरकारला वाटंत आडवताय. उद्या त्याला कुणी बोललं तर? पोरं माघारी येऊ द्या, मंग इचारा की." तुम्ही म्हणालात, "पोरगा तितं हाय म्हणूनच इचारायचं. माघारी आल्यावर इचारून काय करायचं? आन् जे माघारी येणार न्हाईत, त्यांच्यासाठी कवा इचारायचं?" मी ताट आपटलं. तुम्ही जेवलात, वर म्हणालात भाजी चांगली झाली आहे. तुमचं बरोबर होतं की माझं, याचा निकाल लागायच्या आत तुम्ही उठून गेलात. मला अजूनही वाटतं, थोडं थांबायला हवं होतं. आईला असंच वाटणार. त्यात काही बदल व्हायचा नाही.

पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी दरवर्षी तुमच्या हातात असायची. त्या वर्षी ती हिंदुरावांकडे गेली. तुम्हाला कुणी सांगायला आलं नाही, शाळेच्या फलकावर नाव वाचून कळलं. मला वाटलं, आता हा माणूस जायचा नाही. तुम्ही पहाटे उठून दाढी केलीत, ब्लेझर घातलात, बूट चकचकीत केलेत आणि पालकांच्या मागे, अगदी शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहिलात. झेंडा फडकला. तुमचा सलाम मी कडेला उभी राहून बघत होते. पुढच्या रांगेतल्या कुणाचाही हात तुमच्याइतका स्थिर नव्हता. शेजारची एक बाई माझ्या कानाशी लागली, "सुभेदारीन, धनी नक्की कुनाच्या बाजूचं हायती?" मी म्हणाले, "त्यांस्नीच इचार. इचारलेलं त्यांस्नी लय आवडतं." उभ्या आयुष्यात तुमचा मला सर्वांत जास्त अभिमान वाटला तो त्या दिवशी. ही गोष्ट मी तुम्हाला बोलून दाखवली नाही. घरी आल्यावर जिलेबी पुढे ठेवली, एवढंच.

लढाई जशी सुरू झाली तशीच एक दिवस थांबली. का सुरू झाली हे जसं कुणी सांगितलं नव्हतं, तसं का थांबली हेही सांगितलं नाही. संदीप धडधाकट परत आला. मी देवीला ओटी भरली. मला वाटलं, आता तरी तुम्ही गप्प बसाल. तर खासदारसाहेब रस्त्याचं उद्घाटन करायला आले, तेव्हा नारळ फुटायच्या आत तुम्ही पुढे. "साहेब, एक इचारायचं हुतं." साहेब हसून म्हणाले, "सुभेदार, योग्य वेळी सगळं सांगू." तुम्ही घरी येऊन मला म्हणालात, "उत्तर काय दिलं न्हाई. पर थांबला गं त्यो. गाडीकडं निगाला हुता, थांबला." तेवढ्यावर तुम्ही आठवडाभर खूश होतात.

शेवटच्या दिवसांत मिरजेच्या दवाखान्यात तुम्हाला नळ्या लावल्या होत्या, तरी सलाईन बदलायला आलेल्या सिस्टरला तुम्ही पुटपुटलात, "थम, कौन आता है." ती केरळची पोरगी, हिंदी समजणारी. ती थबकली आणि म्हणाली, "दोस्त." तुम्ही डोळे मिटून हसलात. मी तेव्हा खूप काही बोलणार होते. "पाय झाका, गारठा हाय," एवढंच तोंडातून आलं. तुम्ही झाकलेत. आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलंत, तेही अशा वेळी.

आता रक्षाविसर्जनाचं सांगते, ते ऐकून तुम्हाला बरं वाटेल. आपल्याकडे रक्षा सावडल्यावर भाषणं होतात, तुम्ही त्याला 'मेल्यावरची सभा' म्हणायचात. तुमचीही झाली. तेच खासदारसाहेब आले होते. नदीकाठी खुर्ची टाकली, माईक दिला. साहेब म्हणाले, "गेल्या लढाईच्या वेळी सुभेदार सरकारच्या मागं खंबीरपणे उभे राहिले आणि त्यांनी गावाला दिशा दिली." मी बायकांत बसले होते. तुम्हाला मेल्यावर कुणाच्या तरी मागं नेऊन उभं केलं होतं आणि तुम्ही हटकायला नव्हता.

तेवढ्यात हिंदुराव भाऊजी उठले. वर्षभर तुमच्याशी न बोललेले. तुमच्या तिरडीला घरापासून नदीपर्यंत त्यांनी खांदा बदलू दिला नव्हता. ते म्हणाले, "साहेब, जरा थांबा." साहेब थांबले. "ह्यो गडी तुमच्या मागं न्हवता. तुमच्या म्होरं हुबा हुता, वाट आडवून. मीच त्याचा माईक काडून घेतला. माईक निगाला, पर त्याचा सवाल काय माज्या डोसक्यातनं निगंना. माजा नातू बी तितंच हुता. ह्याच्या नावानं कायबी बोला, पर त्याला मागं हुबा करू नका." त्यांनी नदीकडे तोंड करून तुम्हाला सलाम केला. एकामागून एक सगळे माजी सैनिक उठले. साहेबांनीही हात जोडले. तुम्ही कुणाच्या बाजूचे म्हणून विचारणाऱ्या त्याच बाईनं माझा हात धरला. मी रडले ते तेव्हा, पोटभर. दुःख होतंच, पण त्याहून जास्त असं वाटत होतं, की या सगळ्यांना ओरडून सांगावं, हा माझा नवरा होता.

तेरावा झाला आणि संदीपचा फोन वाजला. पुन्हा बातम्या तापल्या आहेत म्हणे. रजा शिल्लक होती, तरी निघ म्हणाले.

म्हणून आज मिरजेला गेले. सून पोरीला घेऊन बरोबर होती. फलाट तोच, चहावालाही तोच. त्यानं नजरेनंच विचारलं, बाबा कुठं? मी मान हलवली. गाडी लागली. मी पोराला डबा दिला, चटणी सांडेल म्हणून दोनदा सांगितलं, शर्टाची कॉलर नीट केली. माझं बोलणं संपलं तरी पोरगा काही डब्यात चढेना. दारापाशी जाऊन नुसता उभा. मागून माणसं ढकलायला लागली, तरी हलेना. तो कशाची वाट बघतो आहे हे मला कळत होतं हो. पण ते तुमचं काम होतं. वर्षभर मी तुम्हाला गप्प बसा, गप्प बसा म्हणत आले होते.

"आई," तो म्हणाला, "आबा इचारायचं ते..."

तुमच्यासारखं थम म्हणायला जमेना, हिंदी माझी तशीही कच्ची. मी पुढे झाले आणि दाराच्या दांडीवर हात आडवा धरला.

"कोन रं तू?"

"दोस्त."

"कुटं निगालास?"

"ड्यूटीवर."

"कशापायी?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. तुमचे डोळे आहेत त्याला. "ठावं न्हाई, आई."

मी हात काढला. "जा मंग," म्हणाले. "तुजं काम तू कर. ते मी इचारते."

गाडी हलली. त्यानं दारातूनच मला सलाम केला. आजवर तो तुम्हालाच मिळायचा.

सोमवारी ग्रामसभा आहे. मी हिंदुराव भाऊजींना सांगून ठेवलं आहे, माईक पहिल्यांदा माझ्याकडे द्यायचा.